थर्माकोलचा ज्वालामुखी आणि वस्तीचा हापसा

दरवर्षी तालुक्याला विज्ञान प्रदर्शन भरतं. मांडव पडतो, साहेब येतात, सभापती येतात, नारळ फुटतो, सरस्वतीच्या फोटोला हार पडतो. विज्ञानाचं उद्घाटन सरस्वतीच्या साक्षीनं! ज्या जोतिबा-सावित्रीनं शूद्र-अतिशूद्रांच्या पोरांपुढं पाटी ठेवली त्यांचा फोटो असलाच तर टेबलाच्या कोपऱ्यात. मग रांगेनं टेबलं. पहिल्या टेबलावर थर्माकोलचा ज्वालामुखी. दुसऱ्या टेबलावर थर्माकोलचा ज्वालामुखी. तिसऱ्यावर थर्माकोलचं धरण, निळ्या रंगाचं पाणी, हिरव्या भुशाचं शेत. २०१८ साली सरकारनं थर्माकोलच्या ताटवाट्यांवर न् सजावटीवर बंदी आणली, पण शाळेतला थर्माकोल काही मेला नाही. मॉडेल कुणी केलं? पोराच्या बापानं. बापाला सवड नसली तर स्टेशनरीवाल्यानं, पैसे घेऊन. पोरगं इस्त्रीचा गणवेश घालून टेबलामागं उभं राहतं न् पाठ केलेलं घडाघडा म्हणतं. परीक्षक मान डोलावतात. बक्षीस. टाळ्या. फोटो.

ह्याला विज्ञान म्हणायचं? ही मूर्तिपूजा झाली. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला हात लावायचा नसतो, तिला प्रश्न विचारायचा नसतो, हार घालून पुढं सरकायचं असतं. थर्माकोलच्या धरणाचंही तेच. त्या धरणाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझं पाणी कुणाच्या उसाला जातं, न् तुझ्या भिंतीखाली कुणाची वस्ती गेली.

तरी मी मॉडेलच्या बाजूनं लिहितोय. सहावी, सातवी, आठवीच्या पोरांना विज्ञान हातानं करू द्या, ही मागणी राखीव जागा, शिष्यवृत्ती न् वसतिगृह ह्यांच्या रांगेत बसली पायजे असं माझं म्हणणं आहे. ती सरकारी शिक्षणतज्ज्ञांची फॅशन नाही. ती आपल्या मरण्या-जगण्याची गोष्ट आहे. कशी, ते सांगतो.

आष्टीचंच घ्या. बीड जिल्ह्याचं नैर्ऋत्येचं टोक, पलीकडं नगर, आता अहिल्यानगर म्हणायचं. सह्याद्रीनं पाऊस अडवला की ह्या बाजूला ढग रिकामे येतात. सीना नदी, मेहकरीचं धरण, ही नावं पोरांना भूगोलात पाठ असतात. पाणी मात्र टँकरनं येतं. २०१२-१३ चा दुष्काळ आम्ही शाळेच्या वयात बघितला. घागरींची रांग, रांगेतली भांडणं, न् सगळ्यात शेवटी आमच्या वस्तीची पाळी. तालुक्यातल्या कितीतरी गावांत बौद्धवाड्याला न् मांगवाड्याला एक हापसा असतो. सरकारनं कधीतरी पाडलेला, उथळ. एके वर्षी तो कोरडा पडतो. माणसं म्हणतात, पाऊस नाही पडला. म्हातारी म्हणते, देवाची करणी. ग्रामपंचायत म्हणते, वरून निधी नाही. सगळे खरंच बोलत असतात असं नाही, पण सगळ्यांचं ऐकून पोरगं गप्प बसतं. कारण जमिनीच्या पोटात काय चाललंय ते कुणीच बघितलेलं नसतं.

ते बघता येतं. एक मोठी काचेची बरणी घ्या. बरणी नसली तर पाण्याच्या मोठ्या बाटलीचं तोंड कापा. तळाला खडी, वर वाळू, दाबून भरा. दोन नळ्या कडेला चिकटवून उभ्या करा, म्हणजे बाहेरून दिसतील. एक नळी वाळूत चार बोटं. ती वस्तीचा हापसा. दुसरी थेट तळापर्यंत. ती बागायतदाराची बोअर. आता वरून पाणी ओता, वाळू बरीचशी भिजेल इतपत. काचेतून पाण्याची रेघ दिसते. तीच भूजलाची पातळी. मेडिकलातून नवी सिरिंज आणा, सुई नको, न् आधी उथळ नळीतून ओढा. पाणी येतं. मग खोल नळीतून ओढा. ओढत राहा. रेघ खाली येते. आणखी ओढा. आता पुन्हा उथळ नळीला सिरिंज लावा.

फुस्स. हवा.

सातवीतलं पोरगं त्या क्षणी जे शिकतं ते शंभर पानं पाठ करून शिकणार नाही. हापसा देवानं आटवला नाही. नुसत्या पावसानंही नाही. बरणीतलं पाणी एकच होतं. वाळूखाली बांध नाही, सातबारा नाही, वेस नाही. जमिनीवर गावकुस आहे, जमिनीच्या पोटात नाही. ज्याची नळी लांब त्याचं पाणी. न् लांब नळी पाडायला पैसा लागतो, पैशाला जमीन लागते, न् जमीन कुणाकडं आहे ते आष्टीत कुणाला सांगायला नको.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात १९९३ साली कायदा झाला, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर पाडायची नाही. पुढं २००९ चा भूजल कायदा आला, त्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं घातली. कागद मजबूत आहेत. पण ५०० मीटर का, ६० मीटर का, हे ज्याला कळलं नाही तो कलेक्टर कचेरीत काय बोलणार? अर्जदार हात जोडून म्हणणार, साहेब, पाणी द्या. ज्यानं बरणीत सिरिंज ओढली तो म्हणेल, साहेब, अमक्या गटातली बोअर किती फूट आहे ते मोजा.

आता ह्यातली दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. ही बरणी खोटंही बोलते. वाळूत पाणी सगळीकडं सारखं झिरपतं. आपली जमीन वाळू नाही. खाली काळा पाषाण आहे, थरावर थर, न् पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या दगडात, भेगांत. एका बोअरला भेग लागली तर धो धो, शेजारी दहा पावलांवर नुसता फुफाटा. तेव्हा ह्या हापशाला खरोखर त्याच बोअरनं मारलं का, हे बरणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती एवढंच सांगते की असं होऊ शकतं. मग खरं काय ते शोधायला बाहेर पडावं लागतं. दोरीला दगड बांधायचा, दर महिन्याला गावातल्या विहिरींची पातळी मोजायची, वहीत तारीख घालून लिहायची, बोअर कधी चालू होती कधी बंद ते लिहायचं. आपलं मॉडेल कुठं खोटं आहे हे पोरानं स्वतः शोधलं की तो वैज्ञानिक झाला. पुस्तकातलं अणूचं चित्रही मॉडेलच आहे, मधे गोळा न् भोवती फिरणारे कण. तेही कुठंतरी खोटं आहे. पण आपल्याकडं मास्तर ते वेदवाक्य म्हणून फळ्यावर काढतो न् पोरं वेदवाक्य म्हणून उतरवतात. शब्दप्रामाण्य गेलं कुठं? पोथीतून उठलं न् विज्ञानाच्या पुस्तकात येऊन बसलं.

१९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सनातन्यांनी मग १०८ घागरी शेण, मूत, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. सातवीच्या वर्गात दोन ग्लास ठेवा. एकात आमच्या पोरानं धुतलेला हात बुडवावा, दुसऱ्यात चमचाभर पंचगव्य घालावं. दोन्ही फडक्यातून गाळा, भिंग लावा, दोन दिवस झाकून ठेवा, मग वास घ्या. असला प्रयोग पुस्तकात का नाही, हे विचारायला हवं.

तो ज्वालामुखीही मी फेकायला सांगत नाही. त्यातला खाण्याचा सोडा न् लिंबू आपल्याला द्या. एका खोल डब्यात तीन मेणबत्त्या लावा, एक बुटकी, एक मधली, एक उंच. दुसऱ्या भांड्यात सोड्यावर लिंबू पिळा. जो वायू निघतो तो हवेपेक्षा जड. तो डब्यात अलगद ओता, पाणी ओततात तसा, फक्त दिसत नाही. आधी बुटकी विझते. मग मधली. मग उंच. पोरांना विचारा, हा डबा म्हणजे काय? कुणीतरी म्हणेल, विहीर. कुणीतरी म्हणेल, गटार. मुंबईतलं पोरगं असेल तर त्याच्या बापाची किंवा काकाची आठवण निघेल. गटारात, सेप्टिक टाकीत उतरलेला माणूस का मरतो? तिथं विषारी वायू साचलेला असतो, हवेपेक्षा जड, तळाला बसलेला. हायड्रोजन सल्फाइड तर असा नीच की जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास येईनासा होतो न् माणसाला वाटतं, गेला. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. पेपरात बातमी येते, 'गुदमरून तिघांचा मृत्यू'. हातानं मैला काढायला लावणं १९९३ च्या कायद्यानं बंद, २०१३ च्या कायद्यानं पुन्हा बंद. माणसं उतरतातच, मरतातच. न् आमच्या विज्ञान प्रदर्शनात तोच सोडा, तेच लिंबू, पण त्याचा ज्वालामुखी! महाराष्ट्रात आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. गटारं किती आहेत?

मी दहावी शिकलो न् गोदीत लागलो. शाळेत कप्पीचे पाच उपयोग पाठ केले होते, मार्कही मिळाले होते. कप्पी कळली ती धक्क्यावर. क्रेनच्या हुकावरच्या ठोकळ्यात कप्प्या असतात, वायर त्यांच्यातून चार-चार फेरे घेते. चार फेरे म्हणजे भार चार जणांनी वाटून घेतला, वायरीवर ताण चौथाई. फुकट मात्र काही मिळत नाही, माल एक हात उचलायचा तर वायर चार हात ओढावी लागते. हे सातवीतल्या पोराला चार दोऱ्याच्या रिळांत न् एका विटेत दाखवता येतं. क्रेनचा लांब हात बघा, सगळा त्रिकोणांचा विणलेला. का? आगकाडीच्या काड्या न् सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घ्या. ट्यूबचे बारीक तुकडे सांध्याला लावून चौकोन करा, दाबा, तो लोळतो. त्रिकोण करा, दाबा, तो हटत नाही. ऊसतोड कामगारांच्या कोपीचे बांबूही म्हणूनच वर एकत्र बांधतात. ज्यानं कोपी बांधली त्याला ते माहीत आहे. त्याला त्रिकोण म्हणतात हे माहीत नाही, एवढंच.

ही काड्या-ट्यूबची युक्ती अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचा १९७५ चा इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादला गेला. तिथं १९७२ पासून १६ मिडल शाळांत एक वेगळं काम चाललं होतं. होशंगाबाद विज्ञान. १९७२, म्हणजे मुंबईत पँथर उठली तेच साल. तिथं सहावी ते आठवीची पोरं टोळ्या करून प्रयोग करायची, उत्तर पुस्तकात छापलेलंच नसायचं, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, वर हातानं करायची परीक्षा वेगळी. जिल्ह्याच्या सगळ्या मिडल शाळांत ते गेलं, पुढं पंधराएक जिल्ह्यांत हजाराच्या घरात सरकारी शाळा झाल्या. खेड्यातल्या शाळा, फुटके पत्रे, मोडकी बाकं. तिथं झालं. न् २००२ साली तिथल्या सरकारनं ते बंद केलं. तीस वर्षं चाललेलं काम एका फटक्यात. प्रश्न विचारणारी पोरं कुठल्याच सरकारला परवडत नाहीत, काँग्रेसचं असो की आणखी कुणाचं.

आपल्याकडं मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली निघालं. त्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या पोरांबरोबर काम केलं. आपल्या चळवळीत हे फार जणांना ठाऊक नाही. पोरं कमी डोक्याची आहेत म्हणून मागं पडतात हा बामणी समज त्यांच्या कामानं खोटा ठरवला. अडसर काय निघाला? इतर गोष्टींबरोबर भाषा. पुस्तकाची भाषा सोपी केली की तेच पोरगं तोच विषय उचलतं. ह्यात मला तरी नवल वाटलं नाही. 'गुरुत्वमध्य' हा शब्द आष्टीच्या ऊसतोड्याच्या पोराला फेकून मारा, तो गप्प बसेल. त्याला विचारा, गाडी उलार कधी होते? तो सांगेल, मागं जास्त मोळ्या लादल्या की बैलं वर उचलली जातात, पुढं जास्त लादल्या की बैलांच्या मानेवर येतं, म्हणून चाकाच्या आगेमागे तोलून भरायचं. हाच तुमचा गुरुत्वमध्य. एक पट्टी, एक पेन्सिल न् चार बिस्किटं घेऊन वर्गात गाडी करा. उलार करून दाखवा. मग शब्द द्या. आधी वस्तू, मग शब्द. आपल्या शाळेत आधी शब्द, मग छडी.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. तो खोटा नाही, म्हणून नीट ऐकला पायजे. एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, 'अरे, हजारो वर्षं आपण हातानंच काम केलं. हाडं उचलली, चामडं कमावलं, दोर वळले, झाडू बांधले. आता कुठं पोराच्या हातात पुस्तक आलं, तर तू पुन्हा त्याच्या हातात माती-वाळू देतोस?'

हा धोका इतिहासात घडलेला आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधींनी नई तालीम मांडली, चरखा-तकलीभोवती शिक्षण. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा न् उरलेला वेळ बापाचा धंदा अशी योजना आणली. न्हाव्याच्या पोरानं वस्तरा, कुंभाराच्या पोरानं चाक, धोब्याच्या पोरानं घाट. न् वकिलाच्या पोरानं? त्यानं बापाचे कायद्याचे ग्रंथ! पेरियारनं रान पेटवलं. १९५४ साली राजाजी पायउतार झाले न् कामराजनी ती योजना गाडली. बरं केलं. असली कुणी योजना महाराष्ट्रात आणली तर पहिली लाथ आपण घालू.

पण फरक बघा. बापाचा धंदा हाताला सांगतो, कर. का ते विचारू नको. मॉडेल हाताला सांगतं, कर, बघ, न् विचार. जातीचा धंदा आजच्या हाताला कालच्या हाताला बांधतो. मॉडेल चुकलं तर मोडून दुसरं करता येतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय की जात म्हणजे कामाची नुसती वाटणी नव्हे, काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे. ह्या उतरंडीत डोकं एकाकडं न् हात दुसऱ्याकडं. ज्याच्याकडं हात त्याला अक्षर बंद, न् ज्याच्याकडं अक्षर त्यानं मातीला शिवायचं नाही. शाळेतलं विज्ञान आजही ह्याच उतरंडीवर चालतं. प्रदर्शनाच्या दिवशी एका शाळेत आम्ही वस्तीची पोरं बाकं उचलत होतो, सडा मारत होतो, न् मॉडेलमागं उभी राहणारी पोरं वेगळी होती. कुणी तसा नियम केला नव्हता. नियम लागतच नाही. म्हणून माझी मागणी पुरी ऐका. आमच्या पोराच्या हातात सिरिंज द्या, न् पाटलाच्या न् कुलकर्ण्याच्या पोराला त्याच टोळीत बसवा, वाळू धुवायला, घाण उपसायला, टेबल पुसायला. हात न् डोकं एकाच धडावर आणायचं असेल तर ते सगळ्यांच्याच धडावर आणावं लागेल.

पैशाचं म्हणाल तर पैसा आहे. २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' म्हणून केंद्र सरकारची योजना आहे, एका शाळेला २० लाखांपर्यंत. रोबोट, सेन्सर, थ्री-डी प्रिंटर. माझा रोबोटवर राग नाही, आमच्या पोरांनी तेही केलं पायजे. पण २०१७ साली ह्याच महाराष्ट्रात पटसंख्या कमी म्हणून तेराशेच्या वर सरकारी शाळा बंद करायचा फतवा निघाला, ते विसरू नका. पट कमी का? आष्टी-पाटोद्याकडं विचारा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेले कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, माणूस म्हणून मोजतच नाहीत. पोरं मागं राहिली तर हंगामी वसतिगृहात, नाहीतर गाडीवर बसून फडात. शाळा सुरू होते तेव्हा पोरगं असतं, प्रयोगाची वेळ येते तेव्हा नसतं. वीस लाखांची लॅब फडात नेता येत नाही. बरणी, दोन नळ्या न् काड्यांची पेटी नेता येते.

रोहित वेमुलानं जाताना लिहिलं होतं की त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानाचा लेखक व्हायचं होतं. १७ जानेवारी २०१६. आपण त्याच्या नावानं मोर्चे काढले, घोषणा दिल्या, ते बरोबरच होतं. पण त्या पत्रातल्या ताऱ्यांवर आपण फार बोललो नाही. दलित पोरानं आत्मकथा लिहावी, कविता लिहावी, हे आता प्रस्थापितांनाही चालतं, बक्षिसंही देतात. मीही कविता लिहितो. पण दलित पोरगं आकाशाबद्दल, भूजलाबद्दल, वायूबद्दल बोलायला लागलं की ह्यांचे चेहरे बघा.

तेव्हा सरकारची वाट बघू नका. आपल्या मंडळांत बारावी सायन्सची, डिप्लोम्याची पोरं-पोरी आहेत. सुट्टीत गावी जाता, तिथं मिरवता. एक बरणी घेऊन जा. १४ एप्रिलला डीजेला वर्गणी जाते तेवढी जाऊ द्या, त्यातली मूठभर काढा. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी वस्तीच्या समाजमंदिरापुढं, हापशाच्या शेजारी, बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल मांडा. सहावी-सातवी-आठवीची पोरं-पोरी बरणी भरतील. त्यांनाच बोलू द्या, तुम्ही माइक धरू नका. आधी महिनाभर मोजलेल्या विहिरींच्या पातळ्या मोठ्या कागदावर लिहून मागं टांगा, तारखांसकट. सरपंचाला निमंत्रण द्या, ग्रामसेवकाला द्या, ज्याची बोअर सगळ्यात खोल आहे त्यालाही द्या. हाराचा कार्यक्रम आहे म्हणून ते येतील. त्यांना पहिल्या रांगेत बसवा, चहा द्या, न् सिरिंज त्यांच्याच हातात द्या.